नागरिकत्वाची परीक्षा आणि जन्मजात नागरिक



सप्टेंबर २०१२ मधील गोष्ट आहे. ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना डेव्हिड लेटरमन यांच्या दूरचित्रवाणीवरील रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात पाहुणे म्हणून गेले. यजमानांनी खेळीमेळीने त्यांना त्यांच्याच देशाविषयी काही प्रश्न विचारले. 'रूल, ब्रिटानिया' या गीताला संगीत कोणी दिले? कॅमेरॉन यांनी अंदाजाने एल्गार यांचे नाव घेतले. ते चुकीचे होते. संगीत टॉमस आर्न यांचे, शब्द जेम्स थॉमसन यांचे, आणि दोघेही अठराव्या शतकातले. एल्गार यांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. मॅग्ना कार्टाचे साल १२१५ हे त्यांनी बिनचूक सांगितले. परंतु त्या दोन लॅटिन शब्दांचा अर्थ काय, असे विचारताच पंतप्रधान निरुत्तर झाले. अर्थ सोपा होता. मोठी सनद, महासनद.

ईटनच्या शाळेत आणि ऑक्सफर्डच्या विद्यापीठात शिकलेल्या पंतप्रधानांची ही फजिती दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी चवीने छापली. हसण्यावारी नेण्यासारखाच हा प्रसंग होता. पण त्याला एक बाजू अशी होती की जी हसण्यावारी नेता येत नाही. याच गृहस्थांच्या देशात १ नोव्हेंबर २००५ पासून परदेशातून येऊन नागरिकत्व मागणाऱ्या बहुतेक प्रौढ व्यक्तींना ब्रिटनमधील जीवनाविषयी एक परीक्षा द्यावी लागत होती, आणि आजही द्यावी लागते. प्रश्न २४, वेळ ४५ मिनिटे, उत्तीर्ण होण्यासाठी १८ उत्तरे बरोबर. ज्याला अठरा उत्तरे येत नाहीत, त्याला पुन्हा पैसे भरून पुन्हा बसावे लागते. ज्याचा जन्म त्या भूमीवर नागरिक मातापित्यांच्या पोटी झाला, त्याला एकही प्रश्न विचारला जात नाही. त्याने पंतप्रधान व्हायचे ठरवले तरीही नाही.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो: ज्यांना नागरिकत्व जन्मतः मिळाले, त्यांना त्याच देशाच्या नागरिकत्वाच्या परीक्षेस बसवले तर ते उत्तीर्ण होतील काय?

अमेरिकेत हा प्रश्न नुसता विचारून लोक थांबले नाहीत. त्यांनी तो मोजून पाहिला. तेथील परीक्षेचे स्वरूप आधी ध्यानात घ्यावयास हवे. नागरिकत्वाच्या अर्जदाराला इंग्रजी बोलता आले पाहिजे, ही अट १९०६ च्या कायद्याने आली. देशाचा इतिहास आणि राज्यपद्धती यांचे ज्ञान असले पाहिजे, ही अट १९५० च्या कायद्याने आली. कोणत्याही लेखी प्रश्नपत्रिकेशिवाय, मुलाखतीत समोर बसलेला अधिकारी तोंडी प्रश्न विचारतो. २००८ पासून अनेक वर्षे १०० प्रश्नांचा संच जाहीर केलेला होता; त्यांपैकी १० विचारायचे आणि ६ आले की उत्तीर्ण. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नवा संच लागू झाला: प्रश्न १२८, त्यांपैकी २० विचारायचे आणि १२ यावयास हवेत. मुलांकडे कायमच्या वास्तव्याला गेलेल्या मराठी आईवडिलांना यातील एक सवलत चांगली ठाऊक असते. वयाची ५५ वर्षे पूर्ण झालेली आणि १५ वर्षे कायम रहिवासी असलेली व्यक्ती इंग्रजीच्या अटीतून मुक्त होते. तिला दुभाष्यामार्फत स्वतःच्या भाषेत, म्हणजे मराठीतही, उत्तरे देता येतात. जेफर्सनने काय लिहिले, याचे उत्तर वऱ्हाडी वळणाच्या मराठीत दिले तरी ते ग्राह्य धरले जाते.

आता मोजमापाकडे वळू. २०११ मध्ये 'न्यूजवीक' साप्ताहिकाने १००० अमेरिकी नागरिकांना हे प्रश्न विचारले. ३८ टक्के अनुत्तीर्ण झाले. २०१२ मध्ये झेवियर विद्यापीठाच्या एका केंद्राने असाच प्रयोग केला. जन्माने नागरिक असलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोक नापास ठरले आणि प्रत्यक्ष परीक्षा देणारे स्थलांतरित मात्र ९७.५ टक्के उत्तीर्ण होत होते. २०१८ मध्ये वुड्रो विल्सन नॅशनल फेलोशिप फाउंडेशन या संस्थेने पुन्हा १००० जणांची पाहणी केली, तेव्हा उत्तीर्णांचे प्रमाण अवघे ३६ टक्क्यांवर आले. ६५ वर्षांवरील ७४ टक्के लोक उत्तीर्ण झाले. ४५ वर्षांखालील मात्र शंभरांतले अवघे एकोणीस. ३७ टक्के लोकांच्या मते बेंजामिन फ्रँकलिन यांनी विजेच्या दिव्याचा शोध लावला होता. १२ टक्क्यांनी यादवी युद्धात सैन्याचे नेतृत्व आयझेनहॉवर यांच्याकडे सोपवले. म्हणजे त्यांच्या जन्मापूर्वी पाव शतक! त्याच संस्थेने २०१९ मध्ये राज्यवार पाहणी केली, तेव्हा पन्नासांपैकी एका राज्यात, व्हरमाँटमध्ये, निम्म्याहून अधिक लोक उत्तीर्ण झाले. तळाशी लुइझियाना होते, २७ टक्क्यांवर. लुइझियानाचे नाव ध्यानात असू द्यावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

हे आकडे वाचून पहिली प्रतिक्रिया उपहासाची होते. परका जाणतो आणि घरचा जाणत नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु परीक्षेच्या व्यवसायात हयात घालवलेला कोणीही शिक्षक या तुलनेवर चटकन विश्वास ठेवणार नाही. एकाला सहा महिने आधी प्रश्नसंच उत्तरांसह हाती मिळालेला आहे. त्याच्या घरची मंडळी रात्री जेवणानंतर त्याला प्रश्न विचारून तयारी करून घेत आहेत. त्याचे पुढचे सारे आयुष्य त्या वीस मिनिटांवर अवलंबून आहे. दुसऱ्याला एका संध्याकाळी अचानक कोणीतरी प्रश्न विचारते, आणि नापास झाल्याने त्याचे काहीही बिघडत नाही. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून पहिल्या वर्गात आलेला विद्यार्थी आणि सुटीत गाठून विचारलेला माजी विद्यार्थी यांची ही तुलना आहे. स्थलांतरिताचे कौतुक करावयाचे ते त्याच्या कष्टांसाठी. त्याला देश अधिक कळला, असा निष्कर्ष या आकड्यांतून निघत नाही. त्याचप्रमाणे जन्मजात नागरिकाला आपला देश कळत नाही, असेही त्यातून सिद्ध होत नाही. सर्वोच्च न्यायालयात किती न्यायाधीश असतात हे विसरलेला मनुष्य आपल्या गावच्या शाळेच्या मंडळावर वीस वर्षे निष्ठेने काम करीत असू शकतो.

तरीही हे अज्ञान क्षम्य मानून सोडून द्यावे, असे नाही. राज्यसंस्थेच्या तीन शाखा कोणत्या, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला एका शाखेने दुसरीचा अधिकार बळकावल्याचेही कळणार नाही. हे ओळखूनच ॲरिझोना राज्याने जानेवारी २०१५ मध्ये कायदा केला की स्थलांतरितांच्या संचातील १०० पैकी ६० प्रश्नांची उत्तरे दिल्याखेरीज कोणाही विद्यार्थ्याला शालान्त प्रमाणपत्र मिळणार नाही. असा कायदा करणारे ते पहिले राज्य. पुढे अनेक राज्यांनी कमीअधिक फरकाने तेच केले. येथे परीक्षेचा उपयोग शिकवण्यासाठी आहे आणि नापास होणाऱ्याला पुन्हा बसता येते. त्याचे नागरिकत्व अबाधितच राहते. एवढ्यापुरते त्याचे स्वागत करावयास हरकत नाही.

खरी अडचण प्रश्नांमध्ये आहे. अमेरिकेच्या २००८ च्या संचात एक प्रश्न होता: यादवी युद्धास कारणीभूत झालेली एक समस्या सांगा. मान्य उत्तरे तीन: गुलामगिरी, आर्थिक कारणे, राज्यांचे हक्क. इतिहासाचा प्राध्यापक येथे थबकेल. राज्यांचे हक्क म्हणजे कसले हक्क, गुलाम बाळगण्याचेच ना, असे तो विचारील, आणि अधिकारी घड्याळाकडे पाहील. दुसरा प्रश्न असा: सिनेटचा सदस्य कोणाचे प्रतिनिधित्व करतो? जुन्या संचात उत्तर होते, राज्यातील सर्व लोकांचे. डिसेंबर २०२० मध्ये थोडे महिने चाललेल्या एका संचात ते बदलून राज्यातील नागरिकांचे असे झाले. दोन शब्दांत केवढे अंतर पडले! ज्याच्याजवळ अद्याप नागरिकत्व नाही, जो ते मागावयास समोर बसला आहे, त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे की आजपर्यंत त्याचे प्रतिनिधित्व कोणीच करीत नव्हते.

ब्रिटनमध्ये या परीक्षेमागे आरंभी सर बर्नार्ड क्रिक यांच्यासारख्या राज्यशास्त्रज्ञाचा विचार होता. त्यांच्या समितीने २००३ मध्ये अहवाल दिला. नवागताला दैनंदिन व्यवहारात आणि सार्वजनिक जीवनात पाय रोवता यावेत, ही दृष्टी त्यात होती. पुढे पुस्तिका बदलत गेली. २०१३ च्या आवृत्तीवर डरहॅम विद्यापीठातील टॉम ब्रुक्स यांनी त्याच वर्षी टीकात्मक अहवाल प्रसिद्ध केला. हे गृहस्थ अमेरिकेत जन्मलेले आणि स्वतः ही परीक्षा देऊन ब्रिटिश नागरिक झालेले, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. त्यांचा आक्षेप असा की 'लंडन आय' या पाळण्याची उंची किती, हे उमेदवाराला ठाऊक असले पाहिजे. संकटाच्या वेळी कोणता दूरध्वनी क्रमांक फिरवावा, डॉक्टरकडे नाव कसे नोंदवावे, हे मात्र ठाऊक असण्याची गरज उरलेली नाही. गुत्त्यात बसून खेळायच्या प्रश्नमंजूषेची ही वाईट नक्कल आहे, अशा आशयाचा त्यांचा शेरा गाजला. त्याच पुस्तिकेत लंडनमध्ये १८१० साली पहिले हिंदुस्थानी खाणावळगृह काढणाऱ्या शेख दीन महंमद यांचेही नाव आहे. पाटण्यात १७५९ साली जन्मलेल्या या माणसाविषयी आपल्याकडच्या किती पदवीधरांना सांगता येईल? ज्ञान कोठे पडून राहील, याचा नेम नसतो!

जर्मनीने २००८ पासून देशभर एकच परीक्षा लागू केली: ३३ प्रश्न, १७ बरोबर. त्यापूर्वी २००६ मध्ये हेसन राज्याने जो १०० प्रश्नांचा मसुदा पुढे आणला, त्यात कास्पार डेव्हिड फ्रीडरिख यांच्या र्‍यूगेन बेटावरील प्रसिद्ध चित्रात काय दिसते, असा एक प्रश्न होता. चित्रकलेच्या वर्गात तो शोभला असता. ऑस्ट्रेलियाने १ ऑक्टोबर २००७ ला परीक्षा सुरू केली, तेव्हा अभ्यासाच्या पुस्तिकेत डॉन ब्रॅडमन यांचा समावेश झाला आणि त्यावरून बराच वाद माजला. भारतातून गेलेल्या उमेदवाराने हा प्रश्न झोपेतही सोडवला असता, हा भाग निराळा. पुढे २००८ मध्ये रिचर्ड वुलकॉट यांच्या समितीने फेरविचार केला आणि असले प्रश्न मागे पडले.

ऑस्ट्रेलियाच्या या परीक्षेला मात्र एक जुनी पूर्वज आहे, आणि ती विसरता येण्यासारखी नाही. १९०१ च्या कायद्यान्वये बंदरावर उतरणाऱ्या व्यक्तीला अधिकारी कोणत्याही युरोपीय भाषेतील ५० शब्दांचा उतारा श्रुतलेखनासाठी देऊ शकत असे. कोणती भाषा, हे अधिकारी ठरवीत असे. कायद्यात वर्ण हा शब्द कोठेही नव्हता. तशी गरजच नव्हती. इंग्रजी जाणणाऱ्या आशियाई माणसाला दुसऱ्या एखाद्या भाषेत उतारा दिला की काम भागत होते. १९०९ नंतर या परीक्षेत कोणीही उत्तीर्ण झाले नाही. १९३४ साली एगॉन किश नावाचा पत्रकार, नाझींचा कडवा विरोधक, जहाजाने तेथे पोचला. सरकारला तो नको होता. मेलबर्नला त्याने जहाजावरून धक्क्यावर उडी घेतली आणि पाय मोडून घेतला. त्याला अनेक युरोपीय भाषा येत होत्या. म्हणून सिडनीत त्याला स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत उतारा सांगण्यात आला. तो अर्थातच नापास झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने निर्णय दिला की त्या कायद्याच्या अर्थाने स्कॉटिश गेलिक ही युरोपीय भाषाच नव्हे. किश सुटला, स्कॉटिश मंडळी संतापली, आणि श्रुतलेखन १९५८ पर्यंत चालूच राहिले.

आतापर्यंत उमेदवार परके होते. जन्मजात नागरिकांनाही परीक्षेस बसवले तर काय होते, हा मूळ प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी पाहण्या करीत बसण्याचे कारण नाही. इतिहासात हा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९६५ पर्यंत मतदार यादीत नाव नोंदवण्यासाठी साक्षरतेची आणि राज्यघटनेच्या ज्ञानाची परीक्षा घेतली जात होती. परीक्षा सर्वांना लागू होती, कागदावर. काही राज्यांनी तर, ज्यांचे आजोबा गुलामगिरी नष्ट होण्याच्या सुमारास मतदार होते त्यांना सूट, असे कलमही घातले होते. गोऱ्यांचे आजोबा मतदार होते, काळ्यांचे गुलाम. हे कलम १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, परीक्षा राहिली. मिसिसिपीत नोंदणी अधिकारी राज्याच्या घटनेतील कोणतेही कलम काढून देई आणि त्याचा अर्थ लिहावयास सांगे. उत्तर बरोबर की चूक, हे तोच ठरवी. लुइझियानात १९६४ च्या सुमारास वापरलेल्या एका प्रश्नपत्रिकेत १० मिनिटांत ३० प्रश्न सोडवायचे होते आणि एक उत्तर चुकले तरी उमेदवार अनुत्तीर्ण. प्रश्नही असे की दोन अर्थ निघावेत, आणि लिहाल तो अर्थ चुकीचा ठरावा.

३१ ऑगस्ट १९६२ रोजी फॅनी लू हेमर नावाची चव्वेचाळीस वर्षांची स्त्री सतरा जणांच्या सोबतीने बसमधून इंडियानोला या गावी नाव नोंदवण्यास गेली. ती कापसाच्या मळ्यावर अठरा वर्षे राबत होती. तिच्यापुढे घटनेचे एक कलम ठेवण्यात आले. त्यातील कायद्याची परिभाषा तिने जन्मात ऐकली नव्हती. ती नापास झाली. त्याच दिवशी मळ्याच्या मालकाने तिला सांगितले की अर्ज मागे घे, नाही तर जागा सोड. तिने जागा सोडली. पुढे ती घटना वाचत राहिली, पुन्हा परीक्षेस बसली, आणि जानेवारी १९६३ मध्ये आपण उत्तीर्ण झाल्याचे तिला कळले. तिच्या राज्यात तेव्हा मतास पात्र असलेल्या कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम सात टक्के लोकांची नावे यादीत होती. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने या परीक्षा थांबवल्या आणि दोन वर्षांत ते प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास गेले. त्या दोन वर्षांत मिसिसिपीतील लोक एकदम विद्वान झाले, असे कोणी म्हणणार नाही.

आपल्या देशात यातले काय आले? १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात परक्याला देशीयकरणाने नागरिकत्व मिळते. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात अटी आहेत: सर्वसाधारणपणे अर्जापूर्वीचे बारा महिने सलग आणि त्याआधीच्या १४ वर्षांपैकी ११ वर्षांचे वास्तव्य, चांगले चारित्र्य, आणि घटनेच्या आठव्या परिशिष्टातील एका भाषेचे पुरेसे ज्ञान. प्रश्नसंच नाही, किल्ल्यांची नावे नाहीत, सनावळी नाही. आठव्या परिशिष्टात आज २२ भाषा आहेत आणि मराठी त्यात प्रारंभापासून आहे. म्हणजे केवळ मराठी जाणणारा परदेशी मनुष्य भाषेच्या अटीपुरता दिल्लीतही पात्र ठरतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी टिकवून धरलेल्या मंडळींना ही गोष्ट सुखावणारी वाटावी.

या मंडळींच्या आजोबांना तर काहीच विचारले गेले नाही. होळकर, शिंदे, गायकवाड, निजाम यांची प्रजा ही ब्रिटिश हिंदुस्थानची प्रजादेखील नव्हती. परदेशी गेल्यास तिला ब्रिटिश संरक्षित म्हणून ओळखले जाई. नागरिकत्वाची कलमे २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच अमलात आली, उरलेली घटना दोन महिन्यांनी. गोव्यातील लोकांसाठी १९६२ मध्ये आदेश निघाला आणि ते २० डिसेंबर १९६१ पासून नागरिक मानले गेले. या सगळ्यांत कोणी कोणाची परीक्षा घेतली नाही.

मताधिकाराबाबत मात्र संशय होता. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८.३३ टक्के होती. अशा देशात प्रत्येक प्रौढाला मत द्यावे काय, ही शंका थोरामोठ्यांनाही होती. २६ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी तिला उत्तर दिले. खेड्यातल्या माणसांना आपण ओळखतो, अक्षरे येत नसली तरी त्यांना शहाणपण आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच भाषणात त्यांनी दोन गोष्टींची खंत व्यक्त केली. एक, कायदा राबवणाऱ्यांसाठी मोठी पात्रता मागितली जाते, पण कायदा करणाऱ्या प्रतिनिधींसाठी कोणतीही पात्रता घटनेत घालता आली नाही. दुसरी, देशाची पहिली घटना देशी भाषेत लिहिता आली नाही. परीक्षा घ्यायचीच तर ती कोणाची, याविषयी त्यांची नजर कोठे वळली होती, हे लक्षात यावे.

पुढे १९५१-५२ च्या निवडणुकीसाठी १७ कोटींहून अधिक मतदारांची नोंद झाली. साक्षरतेची अट नसल्याने पेट्यांवर चिन्हे आली. नोंदणी करणारा कारकून दारात येऊन जे विचारी, त्यात अवघड असे काही नव्हते: नाव काय? बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि तेव्हाचा मध्य भारत, म्हणजे इंदूर-ग्वाल्हेरचाच मुलूख, येथील अनेक स्त्रियांनी परपुरुषापुढे स्वतःचे नाव उच्चारले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले, आणि कारकुनांनी तसेच लिहून घेतले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरण्यास नकार दिला. बिहारमध्ये नावे देण्यासाठी महिन्याची मुदतवाढ मिळाली, काहींनी नावे सांगितली. उरलेल्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद त्या पहिल्या मतदार यादीतून काढून टाकण्यात आली.